खुशाल निंभोरकर, अकोला डेपो

१

सलग सुट्ट्या संपून गिरणी उघडली, की माझ्या टेबलावरचा फोन थांबायचा नाही. "मॅडम, पासवर्ड विसरलो." "मॅडम, चुकीचा टाकला, आता घेतच नाही." नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत आमची कापड गिरणी आहे आणि तिथले कॉम्प्युटर मी पाहते. पाहते म्हणजे निम्मा वेळ लोकांचे पासवर्ड बदलून देते. यंदा दसऱ्याच्या आधी कंपनीनं ठरवलं, की हे काम लोकांनी स्वतःचं स्वतः करावं.

आमची व्यवस्था दुहेरी आहे. एक जुना सर्व्हर गिरणीतच, रंगाई खात्याच्या मागं, एसीच्या खोलीत. दुसरी बाजू क्लाउडवर. तिला आम्ही नुसतं 'वर' म्हणतो. प्रत्येकाचं खातं दोन्हीकडं असतं आणि दोन्ही बाजू दिवसभर एकमेकींशी जुळवून घेत राहतात. नव्या सोयीत माणसानं मोबाइलवरून 'पासवर्ड विसरलो' म्हणायचं. मग त्याच्या नोंदवलेल्या नंबरवर कॉल येतो, तो हॅशचं बटण दाबतो. हॅश दाबणारा माणूस तोच, असं वरची बाजू धरून चालते, पासवर्ड बदलते आणि तो बदल खाली आमच्या सर्व्हरवर लिहून टाकते.

साहेबांना हे करून दाखवायचं होतं. त्यासाठी एक खोटं खातं पाहिजे होतं. 'टेस्ट यूजर' असं नाव पडद्यावर बरं दिसेना, म्हणून सुचलं ते टाइप केलं: खुशाल निंभोरकर. विभागाच्या रकान्यात अकोला डेपो टाकलं, कारण तिथल्या लोकांशी आमचा फारसा संबंध येत नाही. फोन नंबर टाकताना थांबले. माझा नंबर माझ्याच खात्याला अडकलेला. मी नवऱ्याचा टाकला.

गजेंद्र वलगावला शेतावर होता. आमचा झेंडू आणि शेवंतीचा मळा आहे. बांधालगत मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. दसरा तोंडावर, त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

"एक फोन येईन," मी त्याला सांगितलं. "काही बोलू नका. हॅश दाबा फक्त."

त्या दिवशी चाचणी बऱ्याचदा करावी लागली. दर वेळी त्यानं मुकाट्यानं हॅश दाबला. संध्याकाळी घरी आले तर तो ओट्यावर पाय धूत होता.

"तुई ते बाई मोठ्या अदबीनं बोलते बा," तो म्हणाला.

"कोनती बाई?"

"फोनवरची. 'खुशाल निंभोरकर तुमीच काय?' म्हनते. मी म्हनलं, हो, मीच. मंग दाबलं."

मी हसले. तो असाच होता, तोंड सरळ ठेवून थट्टा करणारा. फोनवर असते ती रेकॉर्ड केलेली इंग्रजी. ती कुणाचं नाव घेत नाही. तिला नाव माहीतच नसतं.

२

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी मी घरूनच एक चाचणी लावली आणि त्याचा फोन स्पीकरवर ठेवायला लावला. तीच इंग्रजी रेकॉर्ड. हॅश दाबा, धन्यवाद.

"कुठं इचारलं नाव?"

"तू जवळ हायेस म्हनून नाई इचारलं," तो म्हणाला. तोंडावर हसू नव्हतं. "नाईतं आपल्याच बोलीत बोलते ते."

साहेबांसमोर सगळं ठीक पार पडलं. सोय सुरू झाली. मी खुशाल निंभोरकरचं खातं बंद केलं. माझ्या टेबलावरचा फोन गप्प झाला आणि खूप दिवसांनी मी दुपारचा डबा सलग बसून खाल्ला.

रविवारी आम्ही तिघं शेतात होतो. मी, गजेंद्र आणि माझ्या सासूबाई, बेबीताई. वरून ऊन, खाली काळ्या मातीची वाफ, झेंडूच्या वासानं डोकं जड झालेलं. गजेंद्रचा सदरा बांधावरच्या बाभळीला टांगला होता. त्याच्या खिशात फोन वाजला. तो ओळीतून उठला, हात पुसले, फोन कानाला लावला.

"हो, मीच," तो म्हणाला. अंगठ्यानं एक बटण दाबलं आणि परत येऊन फुलं तोडायला लागला.

"कोनाचा होता?"

"तुया हापिसाचा. रोजच तं येते."

सोमवारी गाडी लावल्याबरोबर मी कॉम्प्युटर उघडला. खुशाल निंभोरकरचं खातं चालू होतं. पासवर्ड आदल्या दिवशी बदललेला. कोणी बदलला त्या जागी लिहिलं होतं: वापरकर्त्यानं स्वतः.

३

याला कारणं असतात. दोन बाजू एकमेकींशी जुळवून घेताना गोंधळ करतात. खाली बंद केलेलं खातं वर चालू राहतं, मग वरची बाजू खालच्या बाजूला समजावते, की हे चालू आहे. मी खातं खाली पुसून टाकलं, वरही पुसलं. वरच्या कचरापेटीतूनही काढलं. दुपारी चहाला जाऊन आले तर ते होतं.

पुण्याच्या मुख्य ऑफिसातल्या अनुप सरांना फोन लावला. त्यांचा हात या कामात माझ्यापेक्षा सराईत.

"नंबर बदलून बघ ना," ते म्हणाले. "कॉल जाणं तरी थांबेल."

वर नंबरचा रकाना फिकट होता, हात लावू देत नव्हता. रकान्याजवळ सूचना होती: ही माहिती गिरणीतल्या सर्व्हरवरून येते, तिथं बदला. मी सर्व्हरच्या खोलीत गेले. तिथला रकानाही फिकट. सूचना अशी, की ही माहिती वरून येते, तिथं बदला.

"असं होऊ शकत नाही," अनुप सर म्हणाले. मग बराच वेळ नुसते त्यांच्या कीबोर्डचे आवाज. "वर्षाली, मलाही देत नाहीये. मी कंपनीला तक्रार टाकतो."

तक्रारीला उत्तर आलं, की त्यांच्या बाजूनं सगळं व्यवस्थित दिसतंय.

त्या खोलीत मी थोडा वेळ उभी राहिले. पंख्यांचा एकसुरी आवाज, हिरवे दिवे. माझ्याकडं सगळ्या किल्ल्या होत्या. गिरणीतल्या कुठल्याही माणसाचं खातं मी एका बोटानं उडवू शकत होते. याचं नाही.

बाहेर आस्थापना विभागातली रागिणी भेटली.

"बरं झालं भेटलीस. अकोला डेपोच्या निंभोरकरांचा फोटो नाही माझ्याकडं. ओळखपत्र अडलंय त्यांचं."

"रागिणी, ते खातं खोटं आहे. मी बनवलं, चाचणीसाठी."

"काहीतरीच काय बोलतेस?" ती हसली. "सकाळीच बोलले मी त्यांच्याशी. इतकं नरम बोलतात! फुलांचा काही धंदा होता म्हणे आधी."

४

घरी मी गजेंद्रला बजावलं. फोन उचलायचा नाही, हॅश दाबायचा नाही. तो हो म्हणाला. त्याच दिवसांत कधीतरी त्यानं चहातली साखर सोडली. विचारलं तर म्हणाला, मी कुठं घेत होतो साखर. शेताकडं जाताना चौकात थांबून कोणत्या हाताला वळायचं ते पाहत राहायचा. दसऱ्याच्या माळा ओवताना सुई डाव्या हातात धरली आणि भराभर ओवल्या, जन्मभर डाव्यानंच ओवत आल्यासारख्या.

मी मनाला समजावत होते. थकलाय. जागरणं झालीत. झेंडूचा भाव पडलाय, त्याचा घोर असेल.

एका सकाळी सासूबाई मागच्या दारी भांडी घासता घासता थांबल्या.

"वर्षाली, भांडन झालं काय तुमचं?"

"नाही आई. काहून?"

"त्यानं मले आता चाय मांगतला." त्यांनी राखेचा हात पदराला पुसला, असं त्या कधी करत नसत. "म्हने, मावशी, तुमाले तरास नसन तं अर्धा कप ठेवा."

त्याच आठवड्यात, सुट्टीच्या दुपारी, मी चुलीशी भाकरी थापत होते. मधल्या खोलीतून त्याचा आवाज आला. हळू, सावकाश, परीक्षेत तोंडी उत्तरं द्यावीत तसा.

"मूर्तिजापूर... नाई, शाळा मूर्तिजापूरलेच."

थोडी शांतता.

"मैनाबाई."

शांतता.

"तांबडी गाय होती. कपाळावर पांढरा ठिपका. हो. हो, मीच."

मी पीठभरल्या हातानंच धावले आणि फोन ओढून घेतला. कानाला लावला. इंग्रजी रेकॉर्ड म्हणत होती, धन्यवाद. मग टूं टूं.

गजेंद्रची शाळा वलगावची. त्यांच्या घरात गाय कधीच नव्हती. आणि आमच्या या सोयीत ओळख पटवायचे असले प्रश्न नव्हतेच, ते मी बंद ठेवले होते.

"हे कोनाचं सांगत होते तुमी?"

तो माझ्याकडं पाहत होता. त्याला माझी कीव आली होती, असं मला वाटलं. "मायंच," तो म्हणाला. "दुसऱ्याचं कसं सांगीन?"

५

मी त्याचं सिम मोडलं. अमरावतीला जाऊन नवीन घेतलं आणि तो नंबर सासूबाईंशिवाय कुणालाच दिला नाही, कुठं नोंदवला नाही. दुकानातून बाहेर पडून आम्ही गाडीपाशी आलो तोच फोन वाजला. मी हात लावायच्या आत त्यानं उचलला. हॅश दाबला. त्याचा अंगठा इतक्या सवयीनं हलला, की मला काही करताच आलं नाही.

डॉक्टरांना दाखवलं. डोक्याचा फोटो काढला, रक्त तपासलं. सगळं चांगलं आलं. ते म्हणाले, काही दिवस विश्रांती द्या, फोनपासून दूर ठेवा. मी फोन कपाटात कुलूप लावून ठेवला. कपाट वाजायला लागलं. तो कपाटासमोर जाऊन उभा राहायचा, दाराला कान लावून. वाजणं थांबलं की त्याचे डोळे भरून यायचे. एकदा सासूबाईंनी ते पाहिलं आणि किल्ली माझ्याकडून मागून घेतली, कपाट उघडलं.

"काहून दिला आई?"

"लेकरू रडून राहिलं व्हतं," त्या म्हणाल्या.

दिवाळीच्या आधी तो फुलांची पोती टेम्पोत टाकून अमरावतीच्या बाजारात गेला. फुलं विकली गेली, पैसे टेम्पोवाल्याच्या हाती घरी आले. तो आला नाही.

ठाण्यातला हवालदार भला माणूस होता. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, पासवर्डचा भाग सोडून. तो मी सांगितला नाही. मग त्यानं गजेंद्रच्या नव्या नंबरवर फोन लावला, स्पीकरवर.

"बोला," गजेंद्रचाच आवाज.

"गजेंद्र काय?"

"नाई जी. खुशाल निंभोरकर बोलतो. रॉंग नंबर लागला तुमचा."

"कुठून बोलून राहिले?"

"घरूनच. अकोल्याहून, डाबकी रोड. आईजवळ हाये."

हवालदारानं फोन ठेवला आणि पंख्याकडं पाहिलं. "ताई, आवाज त्यांचाच हाये याची खात्री हाये तुमाले?"

"हो."

"मंग ते सापडले," तो हळूच म्हणाला. "मानूस म्हनते मी घरीच हाये, तं मी त्याले कुठून आनू?"

६

अकोल्याला मी सासूबाईंना घेऊन गेले. डाबकी रोडच्या आतल्या बाजूला दोन-चार ठिकाणी नाव विचारलं. लगेच दाखवलं लोकांनी. सिमेंटचा रंग उडालेलं एकमजली घर, दाराशी तुळस, दोरीवर वाळत टाकलेला सदरा. सदरा मी घेतलेला नव्हता.

दार एका म्हातारीनं उघडलं. हातात निवडायचं तांदळाचं ताट. तिनं आम्हाला आत बसवलं, माठातलं पाणी दिलं. मी विचारलं, इथं कोण राहतं?

"मी अन् माया पोरगा. खुशाल. डेपोत हाये तो, कापसाच्या."

"किती वर्षांपासून?"

ती हसली. समोरचा एकच दात सोन्याचा होता. "पोरगा कितीक वर्षांपासून असते, बाई?"

तिचं नाव मैनाबाई. ती खोटं बोलत नव्हती. मी तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं. लबाडीची, भीतीची एक रेघ त्यावर नव्हती. मला तिचा राग करता आला असता तर बरं झालं असतं.

तो आतल्या खोलीतून बाहेर आला. भांग दुसऱ्या बाजूला पाडलेला. बाकी तोच, कानामागचा तीळ, विळा लागून वाकडी झालेली करंगळी.

"कोनाकडे आल्या तुमी?" त्यानं हात जोडून विचारलं.

मी फोनमध्ये आमच्या लग्नाचा फोटो काढला आणि त्याच्यासमोर धरला. त्यानं तो घेऊन निरखून पाहिला. "दिसते खरा मायासारखा," तो म्हणाला आणि फोन दोन्ही हातांनी परत केला. "सापडन तुमाले. काळजी नोका करू."

तेव्हा सासूबाई उठल्या. त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्या त्याच्या छातीपर्यंतच येतात. त्यांनी त्याच्या गालाला हात लावला.

"गजू," त्या म्हणाल्या. "घरी चाल, बाबू."

त्याचा चेहरा हलला. मी पाहिलं ते. ओठ उघडले, डोळे बारीक झाले, आणि त्याचा उजवा हात वर येऊन आईच्या हातावर टेकला. "आ..." असा आवाज त्याच्या घशातून निघाला.

आत फोन वाजला.

मी ओरडले, "नोका उचलू!" पण तो वळला होता. पडदा बाजूला करून आत गेला आणि पडदा तसाच अडकून राहिला. मागच्या खिडकीतून दुपारचं पांढरं ऊन येत होतं. खिडकीखाली खाट. खाटेवर कोणीतरी बसलं होतं, उन्हाकडं पाठ करून, हात गुडघ्यांवर ठेवून. वाजणारा फोन त्याच्या हातात होता. गजेंद्र जवळ गेल्यावर त्यानं तो पुढं केला आणि गजेंद्रनं वाकून, देवासमोर वाकावं तसं, बटण दाबलं.

ते बसलेलं माणूस मग माझ्याकडं वळलं. ऊन पाठीमागून होतं, डोळे दिपले होते, मला नीट दिसणं शक्य नव्हतं. खांदे होते. डोकं होतं. चेहऱ्याच्या जागी नुसतं करडं, सपाट, नुकत्याच लिपलेल्या भिंतीसारखं. त्या करड्यात एका बाजूला, कानामागं, एक तीळ होता.

पडदा सुटून खाली आला.

"त्या खोलीत कोन हाये?" मी मैनाबाईला विचारलं.

"कोनी नाई," ती म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. "खुशाल एकलाच हाये."

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा शांत होता. "मावशी, उशीर नोका करू, बस चुकन," तो सासूबाईंना म्हणाला. "स्टँडवर सोडून देऊ काय?"

मी पडदा ओढून आत जायला पाहिजे होतं. सगळे हेच म्हणतात. मी गेले नाही. सासूबाईंनीच माझा दंड धरला आणि मला बाहेर आणलं.

७

मी अजून त्याच गिरणीत आहे. दुसरं काय करू? खुशाल निंभोरकरला ओळखपत्र मिळालं, दिवाळीचा बोनस मिळाला. तो दर थोड्या दिवसांनी आपला पासवर्ड बदलतो. वापरकर्त्यानं स्वतः. मला ते दिसतं, आणि दिसण्यापलीकडं मला त्यात जागा नाही.

सासूबाईंनी मात्र हिय्या केला. शेतातली मेथी, वांगी टोपलीत भरून त्या पहाटेच्या बसनं अकोल्याला जातात. मैनाबाईच्या दारावर टोपली उतरवतात. मी विरोध करून पाहिला.

"तो मावशी म्हनते तं म्हनो," त्या म्हणाल्या. "मले पाहाले तं भेटते."

तो भाव करत नाही, असं त्या सांगायच्या. मेथी आवडीनं घेतो. एकदा त्यानं टोपली उतरवायला हात लावला. एकदा मैनाबाईनं त्यांना जेवायला बसवलं, तर त्यानं वाढलं. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा आणि मला उठून मागच्या दारी जावं लागायचं.

काल त्या दुपारीच परत आल्या. रिकामी टोपली ओट्यावर ठेवली आणि तिच्याशेजारी बसल्या. मी पाणी दिलं. ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

"आज त्यानं मले नाव इचारलं," त्या म्हणाल्या. "म्हने, इतक्या दिसाची येता मावशी, तुमचं नाव काय?"

"मंग?"

"मले सांगता नाई आलं."

मला वाटलं, भरून आलं असेल. आपल्याच लेकराला आपलं नाव काय सांगायचं? मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "रडू आलं काय, आई?"

त्यांनी मान हलवली. नाही. त्यांचे डोळे कोरडे होते. पाण्याचा गिलास तसाच धरून त्या माझ्या तोंडाकडं पाहत राहिल्या, मी आता ते नाव सांगेन म्हणून वाट पाहत.